दोन ओट्यांमधली वाट

बोरमळा, चाकण
१८ नोव्हेंबर २०२३

चि. नवनाथ यास विजयश्रीअक्काचे अ. उ. आ.

भाऊबीजेला आलास आणि चकलीचा डबा इथेच विसरून गेलास. तो खंडूच्या टेम्पोतून पाठवतेय, हे पत्रही त्याच्याकडेच. तो एक दिवसाआड पिंपरीच्या मंडईत भाजी घेऊन जातो, तिथून दापोडी काही लांब नाही, तेव्हा उत्तरही त्याच्याच हाती दे. फोनचा उपयोग नाही हे मला परवा पुन्हा कळलं. अठ्ठावीस वर्षं कटरच्या आवाजात उभा राहून तू कान घालवलेस. कानाचं मशीन लावलंस की ते कुईं करतं, आणि मी काहीही बोलले तरी तू व्हय व्हय म्हणतोस. मोबाइलवर लिहायला मला येत नाही, एक ओळ होईस्तोवर दूध उतू जातं. शिवाय आमच्या दोघांत मोबाइल एकच, रविवारी आली की पोरंही तो बघतात.

नव्या घराचा स्लॅब टाकून झाला, आतला गिलावाही उरकत आला. होळीच्या आत सुरज आणि तनुजा मारुंजीची भाड्याची खोली सोडून इथे राहायला येतील. सुरज म्हणतो की हिंजवडीला जायला रोज दोन तास मोडले तरी चालतील, पण आता आईवडिलांना एकटं ठेवायचं नाही. पोरगं गुणाचं निघालं, माझी दृष्ट लागायला नको.

तनुजाला स्वयंपाकघरात मधोमध एक ओटा हवा आहे. भिंतीला एक आणि मधे एक, मधल्याच्या पलीकडे उंच खुर्च्या. ती त्याला आयलंड म्हणते. मी आधी नाक मुरडलं. मग ती म्हणाली की आई, मला भिंतीकडे तोंड करून जन्म काढायचा नाही, पोळ्या लाटताना माणसं दिसली पाहिजेत. ते मला पटलं. मी चौतीस वर्षं भिंतीकडे बघून भाकरी थापल्या, त्या भिंतीवरचा डाग न डाग मला पाठ आहे.

लाकडाचं काम तूच करायचंस, ते ठरलेलंच आहे. मला एवढंच सांगायचंय की नकाशात भिंतीचा ओटा आणि मधला ओटा यांच्यात तीन फुटांची वाट दाखवली आहे. ती चार फुटांची कर. इंजिनिअरने काढलेलं आहे, पण तू आपल्या डोक्याने मोज. का म्हणून विचारू नकोस.

तुझ्या पुनमला सांग, तिने दिलेलं लोणचं फार तिखट होतं आणि संपलं. लोभ आहे तो वाढवावा, कमी करायला तुला येतच नाही.

तुझी
अक्का

दापोडी
२२ नोव्हेंबर २०२३

ती. सौ. अक्कास नवनाथचा शि. सा. न.

चकल्या पोचल्या, निम्म्या. खंडूला वाटेत भूक लागते हे माहीत असून तू डबा फडक्यात न बांधता देतेस.

चार फूट वाचून मी आणि पुनम खूप हसलो. अक्का, त्या वाटेतून तू बैलगाडी काढणार आहेस का? की भाऊबीजेपासून अंगाने एवढी भरलीस? पुनम म्हणते असं लिहू नये, पण मी लिहून टाकलं.

आता कामाचं बोलतो. तुमचं स्वयंपाकघर भिंतीपासून हॉलच्या कडेपर्यंत अकरा फूट आहे. भिंतीचा ओटा दोन फूट, मधे वाट तीन, मधला ओटा तीन, आणि पलीकडे खुर्च्या ओढायला तीन. झाले अकरा. वाट चार फुटांची केली तर एक फूट कुठून तरी काढावा लागेल. खुर्च्यांच्या बाजूने काढला तर बसलेल्या माणसाच्या मागून कुणी जाऊ शकणार नाही. मधल्या ओट्यातून काढला तर तो दोन फुटांचा होईल, मग खुर्चीवर बसलेल्याचे गुडघे जाणार कुठे? म्हणजे तनुजाच्या खुर्च्या गेल्या. ज्या हौसेसाठी ओटा मांडायचा तीच मारायची.

तीन फुटांत काम होतं. सांगवीला मी या वर्षात चार ठिकाणी तीनच ठेवलेत. खालची ट्रॉली बाहेर ओढली की वीस इंच जातात, तेवढ्या वेळ मागून कुणी जाऊ शकत नाही, पण दोन बायका असल्या तर एकीने थांबायचं. तुम्ही सासूसुना थांबाल एकमेकींसाठी. तरी तू मोठी बहीण, चार म्हणालीस तर चार. मात्र सुरज विचारेल तेव्हा मला कारण सांगता आलं पाहिजे. ते कळव.

दाजींना नमस्कार. हात कसा आहे? ते माझ्यासमोर चहाची बशी धरत नाहीत, मी बघितलं.

आशीर्वाद असू दे, आणि चकल्या पुढल्या वेळी गाठ मारून.

तुझा
नवनाथ

बोरमळा, चाकण
२५ नोव्हेंबर २०२३

चि. नवनाथ यास अ. उ. आ.

मी लठ्ठ झाले नाही, उलट दोन ब्लाउज आत घ्यावे लागले. पुनमला म्हणावं माझ्या वतीने याचे कान पिळ, ऐकू येत नसलं तरी दुखतात.

कारण विचारलंस ते सांगते. वाचून झालं की पत्र फाडून टाक.

तुझ्या दाजींचा हात कापतो, कंपवाताच्या गोळ्या चालू आहेत, एवढं सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांचे पाय चिकटतात हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, सुरजलाही नाही. मोकळ्या अंगणात ते बरे चालतात. दार आलं, नाहीतर कपाट आणि खाटेच्या मधली बोळ आली, की पाय जमिनीला खिळतात. डोकं चल म्हणतं आणि पाय ऐकत नाहीत. परवा न्हाणीच्या दारात ते अर्धा तास तसेच उभे होते, मला हाकसुद्धा मारली नाही. मी येऊन बघते तर कपाळावर घाम. चिंचवडचे डॉक्टर म्हणाले की या आजारात असं होतं, अरुंद जागा दिसली की होतं, आणि जागच्या जागी वळताना तर हमखास. घरातल्या वाटा जेवढ्या रुंद ठेवता येतील तेवढ्या ठेवा म्हणाले.

तुला ठाऊक आहे, आमच्या घरात सकाळचा चहा ते करतात. कंपनीत पस्तीस वर्षं काढली, पहिली शिफ्ट असो की तिसरी, चहा त्यांचाच. रात्रपाळी करून आले तरी हातपाय धुऊन आधी आधण ठेवायचे आणि कप माझ्या उशाशी आणून द्यायचे. आईबापांनी नावं ठेवली, गल्लीने ठेवली, पण या माणसाने ते सोडलं नाही. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, आता हात कापतो म्हणून कप अर्धाच भरतात, पण आणून देतात. मला नव्या घरातून दुसरं काही नको. त्या ओट्यांच्या मधे त्यांचे पाय अडायला लागले की तो चहा बंद होईल, आणि चहा बंद झाला की ते खाटेवर बसतील. एकदा बसले की उठणार नाहीत. मी त्यांना ओळखते.

सुरजला का सांगत नाही म्हणशील. त्यांनी मला शपथ घातली आहे. रविवारी पोरं आली की ते आधीच खुर्चीत जाऊन बसतात आणि पोरं जाईपर्यंत उठत नाहीत. तनुजा म्हणते बाबा किती शांत झालेत.

तू काहीतरी सुताराचं कारण काढ आणि चार फूट कर. तुझं सगळे ऐकतील.

एवढं कर, मग आयुष्यभर माझ्यावर हसलास तरी मी लोभ कमी करणार नाही.

तुझी
अक्का

दापोडी
५ डिसेंबर २०२३

ती. सौ. अक्कास शि. सा. न.

रविवारी जे बघितलं त्याने मी बुचकळ्यात पडलो आहे, म्हणून लिहितो. तिथे सगळ्यांसमोर तुला विचारता आलं नाही, आणि मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने तू सांगितलं असतंस तर अख्ख्या मळ्याला कळलं असतं.

तुझं पत्र वाचल्यावर मी ठरवून आलो होतो. फरशीवर चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारल्या, कांद्याचे रिकामे क्रेट एकावर एक रचून मधला ओटा उभा केला, मुद्दाम तीन फुटांवर. म्हटलं, तनुजाला आणि सुरजला त्यातून चालायला लावू, ट्रॉलीच्या जागी फळी बाहेर ओढून धरू, दोघं एकमेकांना धडकले की आपोआप म्हणतील मामा, जागा कमी पडतेय. झालंही तसंच. तनुजा धडकली, हसली, आणि म्हणाली की मामा म्हणतील तसं, थोडा छोटा ओटाही चालेल.

तेवढ्यात दाजी खुर्चीतून उठले. कुणी सांगितलं नव्हतं. तनुजाच्या हातातलं पातेलं घेतलं, क्रेटच्या आणि भिंतीच्या मधून सरळ चालत टोकापर्यंत गेले, वळले आणि परत आले. पाऊल कुठे अडलं नाही. दुसऱ्यांदा गेले. मग मला म्हणाले की मेहुणे, टेप गुंडाळा, जागा भरपूर आहे. सुरजने टाळ्या वाजवल्या. तुझ्याकडे बघितलं तर तू पदर तोंडाला लावून उभी होतीस, आणि तू हसतेस की रडतेस ते मला कळलं नाही.

अक्का, मी लाकडातला माणूस, डोळ्यांना दिसतं ते मोजतो. मला तर चालणारा माणूस दिसला. गोळ्यांचा गुण आला का? की त्या दिवशीच काही निराळं होतं? तू म्हणशील ते अजूनही करतो. प्लाय अजून कापलेलं नाही.

उत्तराची वाट बघतो. मायेत काही कमी नसावं.

तुझा
नवनाथ

बोरमळा, चाकण
७ डिसेंबर २०२३

रा. रा. नवनाथ यांसी अर्जुनचा आशीर्वाद वि. वि.

अक्षर मुंगीएवढं आलंय, आता असंच येतं. मोठं काढायला गेलो तरी बारीक होत जातं. भिंग घेऊन वाच.

तुझ्या अक्काने तुला काय लिवलंय ते मला कळलं. तिनं सांगितलं न्हाई, पण तू रविवारी माझ्या पायांकडं बघत व्हतास, तोंडाकडं न्हाई. मेहुणा पायांकडं बघाया लागला की समजावं.

खोटं बोलत न्हाई. पाय अडत्यात. रविवारी अडले न्हाईत, कारण तुम्ही चौघं बघत व्हता आणि मी मनात परेडवाणी एक दोन एक दोन म्हणत व्हतो. डॉक्टरपुढं पण मी असाच चालतो, म्हणून त्यो गोळी वाढवत न्हाई.

पण तू वाट तीन फुटांचीच ठेव. ऐक माझं. सुरजनं ह्यो नकाशा सहा महिने उराशी धरलाय. पोरीनं खुर्च्यांचा रंगसुदीक ठरवलाय. आता माझ्या पायांपायी ओटा कापला तर ती दोघं हसत हसत कापतील, मला म्हाईत हाय. पन मग मी त्या घरात आजारी माणूस म्हणून राहायला जाईन. मला बाप म्हणून जायचंय. एवढीच हौस राहिलीय.

तुझा बाप गेला तवा मी तुला दापोडीच्या मिस्त्रीकडं कामाला लावलं. त्या दिवसापासून तू माझा शब्द खाली पडू दिला न्हाईस. हा पण पडू देऊ नकोस. तुला माझी आन हाय. अक्काला ह्या पत्राचं बोलू नको, ती उगा झुरंल.

पाय माझे हायेत, मी बघून घेईन. पुनमला आशीर्वाद. जीव लावतोस तसाच लाव.

अर्जुन

दापोडी
११ डिसेंबर २०२३

ती. सौ. अक्कास शि. सा. न.

तुझं उत्तर आलं नाही. खंडू म्हणाला की तू तापाने पडली होतीस, आता बरी आहेस. अंग दुखत असेल तर ओल्यात काम करू नकोस.

काम थांबवून चालणार नव्हतं. ग्रॅनाईटवाल्याला माप द्यायचं होतं, त्यामुळे मी तीन फूट धरून प्लाय कापलं. रविवारी सगळ्यांनी चालून बघितलं, दाजींनीही बघितलं, तेव्हा तेच बरं. मधल्या ओट्याचे कोपरे मी गोल करतोय, कुणाच्या कमरेला लागू नयेत म्हणून. आणि दोन्ही ओट्यांच्या कडेखाली स्टीलचा गोल दांडा बसवतोय. टॉवेल लावायला म्हणून सांग. धरायलाही होतो.

जास्त काही लिहीत नाही. रागावली असशील तर भेटीत रागाव. लोभ राहू दे.

तुझा
नवनाथ

बोरमळा, चाकण
४ मार्च २०२४

चि. नवनाथ यास अ. उ. आ.

वास्तुशांतीला तू सगळ्यांच्या मागे उभा राहिलास आणि जेवून लगेच गेलास. एरवी तुला तिसऱ्यांदा बासुंदी वाढावी लागते. तीन फूट ठेवलेस म्हणून मी तुझ्यावर रागावले आहे असं तुला वाटत असेल, तर ते मनातून काढून टाक. काम तू सुंदर केलं आहेस. शेजारच्या शालनबाई आणि आळीतल्या बायका रोज बघायला येतात आणि ट्रॉल्या उघडझाप करून जातात. तनुजा मधल्या ओट्यावर पोळ्या लाटते, समोर खुर्चीवर सुरज बसतो, मी मेथी निवडत बसते. चौतीस वर्षांत पहिल्यांदा मला स्वयंपाक करताना माणसांची तोंडं दिसतात. हे सुख तू दिलंस.

तुझ्या दाजींचं सांगते. पहिल्या दिवशी पहाटे ते ओट्यांच्या मधे शिरले आणि अडले. मी खोलीतून ऐकत होते. पावलं थांबली की मला कळतं. उठून गेले तर त्यांनी तुझा दांडा घट्ट धरलेला, आणि मला म्हणाले की गॅस कुठे लावायचा ते बघतोय.

मग मी एक युक्ती काढली. डॉक्टरांच्या तिथल्या मुलीने सांगितलं होतं की समोर जमिनीवर आडवी रेघ असली तर असा माणूस ती ओलांडायला पाय उचलतो. मी पहाटे साडेचारला उठते, रांगोळीचा डबा घेते, अंगणात चार बोटं ओढते आणि आत येऊन ओट्यांच्या मधल्या फरशीवर खडूने रेघा मारते, एका एका पावलावर. वळायच्या जागी पंख्यासारख्या तिरप्या. मग परत अंथरुणात जाऊन डोळे मिटून पडते. ते पाच वाजता उठतात आणि एकेक रेघ ओलांडत चहा करतात. अर्धा कप, थोडा बशीत सांडलेला, पण उशाशी येतो. रेघा कुणी काढल्या ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पोरं आठला उठायच्या आत मी फरशी पुसून टाकते.

पंधरा दिवस झाले, एकही दिवस चुकला नाही. माझं वजन वाढलंय, खरंच. तेव्हा उगाच तोंड लपवू नकोस. पुढच्या रविवारी पुनमला घेऊन ये आणि राहा. सकाळचा चहा त्यांच्या हातचा मिळेल, फक्त आठच्या आत उठावं लागेल.

माया आहे ती ठेवून असावं.

तुझी
अक्का

बोरमळा, चाकण
२० एप्रिल २०२४

चि. नवनाथ यास अ. आ.

दवाखान्यात तू रोज आलास आणि मला हातवारे करून विचारलंस की कसं झालं. वॉर्डात ओरडून सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आता लिहिते. आम्ही परवा घरी आलो. खुब्यात सळई घातली आहे. ते खाटेवर आहेत.

पाडव्याला तनुजाचे आईवडील राहायला आले होते, ते तुला माहीत आहे. तिची आई पहाटेच उठते, न्हाते, देवपूजा करते. आदल्या दिवशी दुपारी तुझे दाजी माझ्याजवळ आले आणि खाली बघत म्हणाले की उद्या रेघा काढू नकोस, विहिणीसमोर बरं दिसत नाही. रेघांचं बोलणं आमच्यात तेवढं एकदाच झालं. मी नाही काढल्या.

पाडव्याला ते पावणेपाचलाच उठले. व्याह्यांसाठीही चहा करायचा म्हणून मोठं पातेलं घेतलं. चहा झाला. कप मधल्या ओट्यावर मांडले होते, ते पाठीमागे. ते वळले तेव्हा अंग वळलं आणि पाय तिथेच राहिले. पातेलं लांब उडालं, भाजलं नाही हेच नशीब म्हणायचं. मी पोचले तोवर विहीणबाई त्यांच्या उशाशी बसल्या होत्या आणि ते त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होते की फरशी ओली होती, पाय घसरला. फरशी कोरडी होती, नवनाथ.

त्या दिवशी मी पोरांना सगळं सांगितलं. शपथ मोडली. सुरज भिंतीला टेकून खाली बसला. तनुजा माझ्यावर रागावली, पहिल्यांदाच. रडत म्हणाली की आई, मला एका शब्दाने सांगितलं असतं तर मी तो ओटाच काढून टाकला असता, खुर्च्या काय माझ्या बाबांपेक्षा मोठ्या होत्या का. ती त्यांना बाबा म्हणते, आणि मनापासून म्हणते.

डॉक्टर म्हणतात की उठवायचा प्रयत्न करा. आम्ही दोन्ही बाजूंनी धरून उभं करतो, ते मान हलवतात आणि परत बसतात. सकाळचा चहा आता मी करते. कप हातात दिला की ते एक घोट घेतात आणि माझ्याकडे बघतात. साखर कमी की जास्त, तेही सांगत नाहीत.

तू येत जा. त्यांच्याशी बोल, तुझं बोलणं त्यांना आवडतं. ओढ असू दे.

तुझी
अक्का

दापोडी
१४ जुलै २०२४

ती. सौ. अक्कास

सवयीने सौ. लिहून गेलो. खोडायला पेन उचललं आणि ठेवून दिलं. दुसरं काही तुझ्या नावामागे लिहायला माझा हात धजत नाही.

दाजींचं तेरावं होऊन पाच दिवस झाले. तेराव्याला तू मला जेवायला वाढलंस, डोक्यावरून हात फिरवलास, तेव्हापासून मला घास जात नाही. तुझ्याशी खोटेपणाने वागलेला माणूस तुझ्या हातचं जेवला.

सोबत एक कागद पाठवतोय. गेल्या डिसेंबरात दाजींनी मला लिहिलेलं पत्र आहे. अक्षर फार बारीक आहे, भिंग लागेल. वाचलंस की तुला कळेल की मी तीन फूट का ठेवले. सगळ्यांनी चालून बघितलं वगैरे मी जे लिहिलं ते निमित्त होतं. त्यांचे पाय अडतात हे त्यांनी स्वतः मला कबूल केलं होतं, आणि तरीही मी प्लाय कापलं. त्यांनी आन घातली आणि मी बधलो. तू बहीण असून मागत होतीस, त्यांच्या जिवासाठी मागत होतीस, आणि मी त्यांचा शब्द वर धरला. दाजींचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हेच मी लहानपणापासून शिकलो. ते कधी चुकतील हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही.

एक फूट, अक्का. रोज दहा ठिकाणी मी फूटफूट लाकूड कापून फेकून देतो. चार फूट असते तर त्यांना जागच्या जागी वळावं लागलं नसतं, चार पावलं घेत गोल फिरून आले असते. दवाखान्यातल्या त्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने मला कागदावर काढून दाखवलं. मी बाहेर जाऊन जिन्यात बसलो. पडले नसते तर अंथरूण धरलं नसतं, छातीत कफ भरला नसता. पुनम म्हणते की आजार होता, तू काय करणार. पण पुनमला या पत्राचं ठाऊक नव्हतं. कालच दाखवलं.

येत्या रविवारी मी दगड कापायचं कटर आणि दोन माणसं घेऊन येतो. मधला ओटा एक फूट कमी करतो. जे तू मागितलं होतंस ते निदान आता करू दे. त्याशिवाय मला त्या घरात पाऊल टाकता येणार नाही.

तुला वाटलं तर लोभ ठेव. मी मागत नाही.

नवनाथ

बोरमळा, चाकण
१७ जुलै २०२४

चि. नवनाथ यास अक्काचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. तू पाठवलेला कागद परत पाठवतेय. तो तुझ्या नावाचा आहे, तुझ्यापाशीच असू दे.

कटर घेऊन येऊ नकोस. आता वाट रुंद करून तिच्यातून कुणाला चालवायचं? सुरजही तेच म्हणत होता, ओटा तोडून टाकतो म्हणून. मी त्याला थांबवलं. तनुजा सकाळी त्या ओट्याशी उभी राहते तेव्हा तिचं तोंड माझ्याकडे असतं, दोन शब्द बोलते. मला सध्या तेवढंच हवं आहे. आणि त्यात तुझे दाजी पडले म्हणून तो ओटा वाईट होत नाही, दोन महिन्यांत त्यांनी पन्नासएक चहाही तिथेच केले.

आता मी जे लिहिते ते नीट वाच. दोनदा कागद फाडून तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय.

डिसेंबरात त्यांना शर्टाची बटणं लावता येत नव्हती. मी लावून द्यायची. डाव्या हाताने उजवा धरून ते ओळीमागून ओळ कशीबशी काढत, एवढंच. मग तो कागद कुणी दुमडला, पाकिटात कुणी घातला, वर तुझं नाव कुणी लिहिलं? तू एवढा मापं घेणारा माणूस, पाकिटावरचं अक्षर तुला ओळखू आलं नाही. त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला आणि हा बंद करून खंडूकडे दे, पण वाचू नकोस म्हणाले. ते अंगणात गेले आणि मी वाचला. सगळा वाचला. भिंगसुद्धा लागलं नाही, ते अक्षर मी रोज बघत होते.

चूल जवळच पेटलेली होती, अंघोळीचं पाणी तापत होतं. घातला असता तर जळून गेला असता, त्यांना कळलंही नसतं. नाहीतर तुला उलट लिहिलं असतं की त्यांचं ऐकू नकोस. तू विचारलंच होतंस, माझ्या उत्तरासाठी प्लाय न कापता थांबला होतास. मला ताप बीप काही आला नव्हता. खंडूला मीच तसं सांगायला लावलं.

कारण मी रविवारी त्यांना त्या क्रेटमधून चालताना बघितलं होतं. लग्न झालं तेव्हा ते पहिल्या शिफ्टची बस गाठायला असेच ताठ निघायचे, मी दारातून बघत राहायची. इतक्या वर्षांनी तो माणूस मला पुन्हा दिसला. त्याला चार फूट द्यायचे म्हणजे तो गेला हे आपण होऊन म्हणायचं, आणि ते माझ्याच्याने झालं नाही. मला वाटलं की तीन फूट राहू दे, तेवढ्यातून तो चालेल. आपण सगळे बघत राहिलो तर चालेल. मग मी डिंक लावला आणि पाकीट बंद केलं.

वास्तुशांतीला तू मागे मागे राहिलास, आणि मी तुला समजूत घालणारं पत्र लिहिलं, मोठेपणा घेऊन. तेव्हाच सांगायला हवं होतं. दवाखान्यात तू जिन्यात जाऊन बसलास तेव्हा सांगायला हवं होतं. तुला ऐकू येत नाही याचा मला त्या दिवशी आधार वाटला, इतकी मी खाली गेले.

तू माझ्यापाशी लोभ मागितला नाहीस. मी मागते. हे वाचून झाल्यावर उरला असेल तेवढा ठेव.

तुझी
अक्का